दहा किलोच्या वजनाला मुंग्या

आमच्या खात्याचा माणूस बाजारात शिरला की आधी आवाज बदलतो. मघापर्यंत घसा फोडून ओरडणारा भाजीवाला एकदम सोज्वळ होतो, शेजारच्याला डोळ्यांनी खुणावतो आणि मालाचं पारडं उलटं करून त्याची खालची बाजू फडक्याने पुसायला घेतो. तिथे चिंचेचा गोळा चिकटवलेला असतो. मी समोर उभा राहून म्हणायचो, "पूस बाबा, सावकाश पूस, मला घाई नाही." मग तो हसायचा, मीही हसायचो आणि कागद पुढे करायचो.

वजनमापे निरीक्षक हे माझ्या पदाचं नाव. लग्न ठरवताना सासऱ्यांनी पुन्हा पुन्हा विचारलं होतं, "म्हणजे तुम्ही नेमकं काय मोजता?" मी सांगितलं, "मी काही मोजत नाही. लोक ज्याने मोजतात ते खरं आहे का, ते बघतो." त्यांचं समाधान झालं नाही. सरकारी नोकरी आहे, एवढ्यावर मुलगी दिली. पण कामाचं सार खरंच तेवढंच होतं. सरकारची प्रमाण वजनं असतात, लाकडी पेटीत मखमलीच्या खाचेत ठेवलेली. व्यापाऱ्याचं वजन त्यांच्याशी ताडून बघायचं. जुळलं तर शिक्का ठोकायचा, नाही जुळलं तर जप्त. दुधाचं माप, रॉकेलचं माप, कापडाचा मीटर, कांद्याचा वजनकाटा, सगळं त्यात आलं.

या सगळ्यात माझा जीव रमायचा तो नाशिकच्या सराफ बाजारात. कांदा मूठभर इकडेतिकडे झाला तर कोणी मरत नाही. सराफात माणसाचा श्वाससुद्धा धरावा लागतो. सोन्यावर तेव्हा सरकारी निर्बंध होते, त्यामुळे सोन्याची लगड क्वचित बघायला मिळे. मिळाली की ती काचेच्या पेटीतल्या काट्यावर चढायची. दार लावून घ्यायचं आणि काटा स्थिर होईपर्यंत हूं की चूं करायचं नाही. एकदा एका तरुण सराफाने घामेजल्या बोटांनी लगड ठेवली. मी ती पुसून पुन्हा ठेवायला लावली, तर काटा जरासा सरकला. तो बघतच राहिला. "साहेब, घामाचे पैसे मिळतात म्हणतात ते असे होय!" म्हणाला.

चांदीची गोष्ट निराळी. ती मुंबईहून विटांच्या रूपात यायची. वीट म्हणायची, पण एकेक तीस किलोच्या वरची, अंगावर वजनाचा आकडा कोरलेली. नाशकात ती कापून, ठोकून तिची ताम्हणं, समया, निरांजनं व्हायची. वीट घेणारा सराफ आधी ती धर्मकाट्यावर न्यायचा. धर्मकाटा म्हणजे सगळ्या बाजाराचा सामायिक काटा. तो जे बोलेल ते देणाऱ्याने आणि घेणाऱ्याने मुकाट मानायचं.

गल्लीच्या आतल्या टोकाला एक खोली, तिच्या तुळईला टांगलेला भलामोठा काटा, दोन पितळी पारडी आणि शेजारी मेजावर वजनं. तिथे बसायचे भास्करकाका, बाजाराचे तोलार. त्यांची पद्धत बघण्यासारखी होती. आधी पंखा बंद, खिडकी बंद. वीट डाव्या पारड्यात, वजनं उजव्या. आकडा मनात धरायचा. मग सगळं उतरवून वीट उजव्या पारड्यात आणि वजनं डाव्या. काट्याची एक भुजा दुसरीपेक्षा केसभर लांब असली तर ती या अदलाबदलीत सापडते. दोन्ही वेळा एकच आकडा आला तरच काका तोंड उघडायचे. तोवर बाहेर कोणी मेलं तरी ते मान वळवायचे नाहीत.

आणि विटा उचलायचा निवृत्ती. पेठकडच्या डोंगरातला माणूस, पोटासाठी शहरात येऊन जुना झालेला. बाजारात हमाल पुष्कळ होते, पण चांदीला हात लावायची मुभा त्याला एकट्यालाच. डोक्यावर जुन्या धोतराची चुंबळ, तिच्यावर वीट. ट्रान्सपोर्टच्या गाडीपासून धर्मकाट्यापर्यंत तो भरगर्दीतून यायचा आणि लोक न सांगता वाट द्यायचे. बोलायचा कमी. मी एकदा विचारलं, "निवृत्ती, डोक्यावर एवढी लक्ष्मी घेऊन फिरतोस, काय वाटतं रे?"

"मान दुखती, सायेब," तो म्हणाला.

सत्तरचं दशक सरत आलं होतं त्या वर्षीची गोष्ट. दिवाळी होऊन दोन-तीन आठवडे झाले असतील. सराफांच्या मंडळाचे अध्यक्ष वसंतशेठ स्वतः माझ्या ऑफिसात आले. हा माणूस सहसा कोणाच्या दारात जायचा नाही. खुर्चीवर बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "साहेब, विटा कमी भरताहेत."

"किती?"

"सहा ग्रॅम. दिवाळीनंतर आलेली प्रत्येक वीट. आधी वाटलं मुंबईवाल्याने टोपी घातली. दुसऱ्या व्यापाऱ्याकडून मागवली, तीही तशीच. ते म्हणतात आमचं बरोबर आहे, तुमच्या घरात बघा. आता घरात कोण? विटेला वाटेत हात लागतो तो एकट्या निवृत्तीचा."

"अहो, पण एवढ्यावरून..."

"पुरावा आहे," शेठ म्हणाले.

पुरावा काय, तो बाजारात गेल्यावर कळला आणि माझं डोकंच फिरलं. यांनी निवृत्तीची चुंबळ काढून घेतली होती आणि भर बाजारात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, सोनाराच्या मुशीत घालून जाळली होती. राख धुतली, गाळली, पुन्हा आटवली. तळाशी मोहरीएवढा चांदीचा मणी निघाला. तो मणी काचेच्या बशीत ठेवून जो येईल त्याला दाखवत होते. आणि निवृत्ती धर्मकाट्याच्या पायरीवर उघड्या डोक्याने बसला होता. त्याला तसा मी कधी पाहिला नव्हता.

"शेठ," मी म्हणालो, "तुमच्या दुकानाचा केर झारेकरी पैसे मोजून का घेऊन जातो? त्यात चांदी असते म्हणूनच ना? या बाजारात ज्या कापडाला चांदी घासते त्या प्रत्येक कापडात ती मुरते. तुमच्या गादीची खोळ जाळा, याच्या दुप्पट निघेल."

"खोळ कानस घेऊन वीट घासायला बसत नाही, साहेब," शेठ म्हणाले. "हे बघा, वाद नको. तुम्ही काटा तपासा. काट्यात खोट असेल तर आमचं नशीब. काटा बरोबर असेल तर तसं लेखी द्या. तो कागद घेऊन मी सरळ पोलिसात जातो."

म्हणजे आता गाडी माझ्या सहीवर येऊन थांबली होती. माझा कागद गेला की निवृत्ती आत.

मी काटा तपासला. रिकामी पारडी समपातळीत. अदलाबदल करून पाहिली, फरक नाही. भरल्या पारड्यात नखाएवढी चकती टाकली, काट्याने लगेच मान हलवली. काटा निरोगी होता. वजनांवर माझाच शिक्का होता, दसऱ्याच्या आधी मीच ठोकलेला, आणि तो शाबूत होता. दहा-दहा किलोची ती तीन पितळी वजनं माझ्या चांगली ओळखीची होती. मी ती पुन्हा ताडून पाहिली नाहीत. आमच्या धंद्यातल्या कोणीच पाहिली नसती. कारण सांगतो.

वजन वापरून वापरून झिजतं. उचलताना, ठेवताना, पुसताना कणाकणाने कमी होतं. झिजलेलं वजन काट्यावर ठेवलं तर वीट कोरलेल्या आकड्यापेक्षा जास्त भरेल. इथे तर वीट कमी भरत होती. म्हणजे वजन वाढलेलं असायला हवं. आणि पितळ कधी वाढतं का? माझ्या सबंध नोकरीत मी झिजलेली वजनं ढिगाने पाहिली होती, मुद्दाम पोखरलेली पाहिली होती, पण आपणहून वाढलेलं एकही नाही. काकांनीही नाही. शेठचा जन्म चांदीत गेलेला, त्यांनीही नाही. तेव्हा वजनांचा प्रश्नच मिटला होता. उरला निवृत्ती.

एक गोष्ट मात्र मला टोचत होती. वीट तिसाची असो की चौतिसाची, कमी भरायची ती सहाच ग्रॅम. कानस मारणाऱ्याचा हात कधी जड पडेल, कधी हलका. इतका शिस्तीचा चोर असेल तर त्याला आमच्या खात्यात घ्यायला हवा! मी विटा उजेडात फिरवून पाहिल्या. कडेला कुठे ओरखडा नाही.

मी पायरीवर जाऊन निवृत्तीजवळ बसलो. "खरं सांग. मी मारणार नाही, ओरडणार नाही."

"सायेब, वीट मी डोक्यावर घेतो," तो म्हणाला. "डोक्याला काय दात हायेत?"

मी उठून आत आलो. शेठ मेजाच्या पलीकडे उभे, दारात चार सराफ उभे. मी कागद काढला, पेनाचं टोपण काढलं. आणि तेवढ्यात भास्करकाकांनी मधल्या वजनावर जोरात फुंकर मारली.

"काय झालं, काका?"

"काही नाही हो. या मुंग्यांनी वैताग आणलाय. दिवाळीपासून रोज पुसतोय, रोज हजर."

"मुंग्या? पितळेला?"

मी वाकून पाहिलं. मेजाच्या पायावरून लाल मुंग्यांची रांग वर आली होती. तीन वजनांपैकी दोहोंकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. मधल्या वजनाच्या मुठीभोवती मात्र ही गर्दी! मी नाक जवळ नेलं. आंबूस वास आला, न धुतलेल्या ताकाच्या भांड्याला येतो तसा.

"काका, दिवाळीत या वजनांचं काय केलंत?"

काकांनी शेठकडे पाहिलं, शेठनी दुसरीकडे. "पूजा," काका म्हणाले. "लक्ष्मीपूजनाला काट्याची पूजा असते ना."

असते हे मलाही माहीत होतं. कशी असते ते माहीत नव्हतं, कारण मी कधी तिथे नव्हतो. माझ्या आधीच्या साहेबांना त्या पूजेचं बोलावणं जायचं. मी बौद्ध वस्तीत वाढलेला. मला ऑफिसात पेढ्यांचा पुडा यायचा. "तुमच्यात चालत नाही ना, म्हटलं उगाच तुम्हाला संकोच नको," असं एकदा वसंतशेठच गोड बोलले होते. मी पुडा परत पाठवायचो. पूजेला मी गेलो नसतोच, तरी बोलावलं नाही याचा राग यायचा. आता काय सांगू, माणसाचं मन असंच असतं.

"पूजा म्हणजे? हळद-कुंकू लावता की आणखी काही?"

"दरवर्षी हळद-कुंकू आणि फूल," काका म्हणाले. "यंदा शेठ अध्यक्ष झाले, म्हणाले, यथासांग करू. म्हणून वजनं परातीत घेतली आणि पंचामृताचा अभिषेक केला. मग पाण्याने धुतली, पुसली."

"पंचामृतात तूप असतं ना?"

"असणारच की."

मी पेनाला टोपण लावलं. "कोणी वजनाला हात लावायचा नाही," म्हणून सांगितलं आणि रिक्षा करून ऑफिसात गेलो. दहा किलोचं प्रमाण वजन पेटीसकट घेऊन आलो. गल्लीत रिक्षा शिरत नाही, तेव्हा पेटी मीच उचलली. निवृत्ती सवयीने पुढे आला, मग मध्येच थांबला आणि हात पाठीमागे धरून माझ्या बाजूने चालत राहिला. मी चार पावलांवर धापा टाकायला लागलो. त्याच्याने बघवत नव्हतं, पण त्याने हात पुढे केला नाही.

एका पारड्यात सरकारी वजन, दुसऱ्यात बाजाराचं ते मधलं. पंखा बंद, खिडकी बंद. काकांनी हात काढला आणि बाजाराचं पारडं खाली गेलं. काकांच्या तोंडून "अगं आई गं!" निघालं. अदलाबदल केली. पुन्हा बाजाराचंच खाली. सरकारी वजनाच्या पारड्यात चकत्या टाकत गेलो, बरोबर सहा ग्रॅमला काटा सरळ झाला.

आता बाहेरच्यांसाठी सांगतो. अशा मोठ्या वजनाच्या मुठीखाली पोकळी असते. वजन नेमकं करायला तिच्यात शिशाचे मणी टाकतात, मूठ आट्यांवर घट्ट फिरवतात आणि ती कोणी उघडू नये म्हणून शिशाची टिकली ठोकून तिच्यावर आमचा शिक्का मारतात. मधल्या वजनाची मूठ वर्षानुवर्षं उचलून सैल झाली होती. दिसत नव्हती, पण आट्यांमध्ये फट होती. मी दोघा सराफांना पंच करून त्यांच्यासमोर माझाच शिक्का फोडला आणि मूठ फिरवली. वास असा सुटला की दारातले सराफ मागे सरले. आत पिवळट, आंबलेलं पाणी. शिशाच्या मण्यांवर मेलेल्या मुंग्या. आणि आट्यांत पांढरं, घट्ट तूप. दूध, मध, पाणी फटीतून आत गेलं आणि मग नाशिकची थंडी पडली. तूप गोठलं, वरून बूच बसलं. आतलं सुकायला वाटच राहिली नाही. मुंग्यांना तेवढा पत्ता लागला होता.

पोकळी गरम पाण्याने धुतली, निखाऱ्यावर कोरडी केली, मणी परत घातले. सरकारी वजनाशी लावून पाहिलं, दोन्ही पारडी एका रेषेत. मग निवृत्तीने आणलेली शेवटची वीट काट्यावर चढवली. अंगावर कोरलेला आकडा आणि काट्याचा आकडा, एकाला एक. मला इतका आनंद झाला की मी टाळी वाजवली. निरीक्षकाने वाजवू नये, पण वाजवली.

दारातून कोणीतरी पुटपुटलं, "साहेबांना देवाधर्माचं वावडंच, त्यांना पूजेतच खोट दिसणार."

"देवाचं नाव मी घेतलं नाही," मी म्हणालो, आणि आवाज चढला असेल माझा. "मी तुपाचं घेतलं. विश्वास नसेल तर वास घेऊन बघा."

कोणी वास घ्यायला पुढे आलं नाही.

वसंतशेठचा चेहरा लाल झाला होता. वाईट माणूस नव्हते ते. पेढीवर माणूस पाठवून त्यांनी नवं कोरं धोतर मागवलं आणि निवृत्तीपुढे धरलं. "झालं गेलं गंगेला मिळालं, निवृत्ती. हे घे चुंबळीला. उद्यापासून ये." निवृत्तीने धोतराकडे पाहिलं. हात पुढे केला नाही. मला लांबून नमस्कार केला, पायरीखालची वहाण पायात घातली आणि गर्दीतून निघून गेला. दुसऱ्या दिवशी आला नाही, नंतरही नाही. पुढे विटा लोखंडी पेटीतून, दोघांनी धरून यायला लागल्या. पूजेच्या दिवशी वजनं कपाटात राहायला लागली आणि त्यांच्या जागी तीन सुपाऱ्या बसल्या.

हा किस्सा आमच्या खात्यात गाजला. नव्या निरीक्षकांच्या वर्गात मला तो सांगायला बोलवायचे. मी रंगवून सांगायचो, मुंग्यांची रांग बोटाने हवेत काढून दाखवायचो. मुठीचा भाग आला की पोरं नाक दाबायची. वरचे साहेब म्हणायचे, "पुन्हा सांगा हो तो मुंग्यांचा." वजन कधीच वाढत नाही असं मानू नका, हे तात्पर्य. मीही खूश, तेही खूश.

मग काही वर्षांनी विंचूरच्या कांदा बाजारात वजनकाटे तपासायला गेलो असताना समोर निवृत्ती. डोक्यावर कांद्याची गोणी, केस पिकलेले. त्याने मला आधी ओळखलं. मी त्याला ओढतच चहाच्या टपरीवर नेलं.

"काय रे, चांदी सोडून कांदा?"

"कांद्यात कोणी झडती घेत नाय, सायेब."

मी त्याला किस्सा सांगितला. त्याचाच किस्सा त्याला, अगदी वर्गात सांगायचो तसा. ते पुस्तकात घालण्यासारखं प्रकरण होतं, तुझ्यामुळे आमची नवी पोरं हुशार झाली, वगैरे. तो ऐकत होता. तुपाचा भाग आला तेव्हा हसलासुद्धा. मग बशीतला चहा तसाच ठेवून म्हणाला, "सायेब, एक इचारू?"

"विचार की."

"मुंग्या आल्या नसत्या तं?"

तो वाट बघत होता. रागाने नाही, खरोखरच जाणून घ्यायला. "भास्करकाकांच्या मांडीला मांडी लावून मी भाकर खाल्ली," तो म्हणाला. "शेठच्या पोरीच्या लग्नात चांदीची ताटं मीच वाहिली. तवा कोणी म्हनलं नाय, निवृत्ती असं करणार नाय म्हनून. एकबी नाय. मुंग्या आल्या म्हनून वाचलो. म्हनून इचारतो, त्या आल्या नसत्या तं?"

"तर तू चोर ठरला असतास," मी म्हणालो.

"आन तुमी?"

त्या दिवशी पेनाचं टोपण काढलेलं होतं, कागद समोर होता. "काटा बरोबर आहे, असं मी लिहून दिलं असतं," मी म्हणालो. "वजनंही बरोबर आहेत, असंसुद्धा."

त्याने मान हलवली, उरलेला चहा पिऊन टाकला आणि गोणी उचलायला गेला.